आईच्या गुडघ्यातलं इंजेक्शन

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तोंडातून भलतंच जाईल, म्हणून लिहितेय. आईच्या गुडघ्यात पू झालाय, सांधा उघडून धुवावा लागला, हे तू पत्राच्या चौथ्या ओळीत सांगतोस. आधीच्या तीन ओळी हवापाण्याच्या.

कुठल्याशा दवाखान्यात तिला एक्सोसोमचं इंजेक्शन देऊन आणलंस आणि मला विचारलंही नाहीस? अकरा वर्षं प्रयोगशाळेत मी दुसऱ्या कशावर काम करतेय? एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या, त्यांतून दुसऱ्या पेशींना निरोप जातात. निरोगी पेशीचा निरोप जखम भरायला मदत करतो. कर्करोगाच्या पेशीचा निरोप रोगासाठी पुढची जागा तयार करतो. कुठली पिशवी काय करील हे आम्हालाच अजून पुरतं कळलेलं नाही, आणि हे लोक बाटलीत भरून विकतात! पेशी कुणाच्या, बाटली निर्जंतुक होती का, एवढं तरी विचारायचंस.

लोभ आहेच, आज तो शोधावा लागेल.
धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विचारायला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतीस. दवाखान्याच्या भिंतीवर तुझ्या व्याख्यानाचा फोटो होता. मी थांबू म्हटलं, तर आई म्हणाली, "माझ्या लेकीचं औषध आहे. मी नाही घ्यायचं तर कुणी?"

आता गुडघा वाकत नाही. दवाखान्याविरुद्धच्या तक्रारीवर ती सही करत नाही, तुझं नाव खराब होईल म्हणते. घाल समजूत, जमलं तर.

रागावलीस तरी तुटू नकोस.
दादा

२४ जून

ती. आईस,
शि. सा. न.

तो फोटो त्यांनी मला न विचारता लावला. माझी तक्रार मी आज दिली, फोटो उतरवलाय. तुझ्यासारखे आणखी चौघं त्या फोटोवर विश्वासून आत गेले होते. मी तुझ्यावर चिडलेली नाही. तुला माझ्या कामाचं नाव तेवढं सांगितलं, शेजारी बसून अर्थ कधी सांगितला नाही, याची चीड येते. शनिवारी येतेय. सहीचं तेव्हा बोलू.

माया असू दे.
धाकटी

२७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सही केली. शनिवारपर्यंत दम निघेना. दादाला गाडी काढायला लावली आणि काठी टेकत त्या दवाखान्यात गेले. बाकांवर बसलेल्यांना गुडघा उघडून दाखवला. तिघं उठून गेले. डॉक्टर बाहेर येऊन ओरडले; मीही ओरडले, दादाला विचार.

एक बाई मात्र हलेनात. दुसरा उपाय राहिला नाही म्हणाल्या. त्यांच्याजवळ बसले. त्यांचा नंबर पुकारला, तेव्हा मी त्यांचा हात सोडला नाही.

तुझी आई