लेखक क

१४ जानेवारी २००८, सोमवार

आमच्या इंटरनेटवरच्या मालिकेचा सहा मिनिटांचा भाग, आणि त्यात जाहिरातींसाठी जागा सोडलेली! दोनदा! बाबा दाराकडे बघून दचकतात आणि पडदा काळा.

'इथे काय आहे?' मी विचारलं.

'जाहिरात,' बर्नाडीन म्हणाली.

'इंटरनेटवर? कोणाची?'

ती आणि गस, दोघंही लेखक, एकमेकांकडे बघत राहिले. जन्मभर टीव्हीसाठी लिहिलं, हात आपोआप थांबतो. शेवटी गस म्हणाला, 'साबणाची,' आणि तिघंही इतके हसलो की बाबांनी इस्त्री बाजूला ठेवली. मी सहसा हसत नाही. गाल दुखले.

दोन्ही काळे तुकडे कापले. भाग पळायला लागला.

१६ जानेवारी

नोंद असावी म्हणून लिहिते. नोव्हेंबरात टीव्ही-चित्रपटांच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि आमची मालिका बंद पडली. बर्नाडीन तिची मुख्य लेखिका, गस तिच्या हाताखालचा, मी संकलनात सहायक. सकाळी ते दोघं लाल शर्ट घालून, हातात फलक घेऊन स्टुडिओच्या फाटकासमोर गोल फिरतात. दुपारी ग्लेनडेलला आमच्या लाँड्रीत येतात आणि आम्ही आमची स्वतःची मालिका करतो. नाव 'न नेलेले कपडे'. एका भागात एक कपडा, जो धुवायला टाकला आणि कोणी न्यायला आलं नाही. दुकानदाराचं काम बाबा करतात. नट म्हणून त्यांची निवड झाली कारण दुकान त्यांचं आहे.

कॅमेरा, आवाज, संकलन – मी.

आता जे कोणाला बोलता येत नाही ते. संप मिटू नये असं मला वाटतं. लोकांची घरं जायची वेळ आलीय, आणि मला हे वाटतं! संप मिटला की मी परत त्या खिडकी नसलेल्या खोलीत. तिथे मला कोणी विचारत नाही, तालीन, हे वाक्य कसं वाटलं?

इथेही कोणी विचारत नाही. पण इथे ऐकू तरी येतं.

१९ जानेवारी

बाबा नट झाले! इस्त्री करता करता म्हणाले, 'माझा माणूस असा शर्ट घडी करणार नाही.'

गस : 'वाझगेनकाका, तुमचा माणूस म्हणजे तुम्हीच ना?'

'तो वेगळा. तो जरा चिडका आहे.'

आई मागून म्हणाली, 'वेगळा कसला!'

२३ जानेवारी

चौथ्या भागाचं चित्रीकरण. एका बाईचा नवरा वारला आहे. त्याच्या खिशात पावती सापडते, म्हणून ती त्याचा कोट न्यायला येते. शेवटी बाबांनी आठवणींवर मोठं भाषण करायचं. बर्नाडीनचं भाषण एक पान. गसने ते सुधारलं, दीड पान झालं. दोघं भांडले, दोन्ही घेतली.

बाईचं काम करणारी लोरेन चांगली नटी आहे. भाषण ऐकताना तिने जांभई गिळली. मला कॅमेऱ्यातून दिसली.

२४ जानेवारी

केलं.

दोघं फाटकावर होते. दुकानात बाबा आणि मी. म्हटलं, 'बाबा, एक वाक्य नव्याने घ्यायचंय. लेखकांनी पाठवलंय.' खोटं, वाक्य माझं. बाबांनी कोट काउंटरवर ठेवला, बाही उलटी करून दाखवली आणि म्हणाले,

'कापड कापलेलं नाही. आत दुमडलंय. तो म्हणाला होता, पोरगा उंच होणार.'

एवढंच. पहिल्या खेपेत. मग ते कॅमेऱ्याकडे न बघता मागे गेले आणि बराच वेळ कुठलंतरी मशीन पुसत बसले.

लोरेनचा चेहरा कालच्या चित्रीकरणातून उचलला. इस्त्रीची वाफ नाकात गेली होती आणि ती शिंक दाबत होती. डोळे भरलेले, ओठ थरथरतायत. त्या वाक्यानंतर तो चेहरा लावला – अंगावर काटा! शिंकेचा काटा!

भाषणं दोन्ही काढून टाकली.

लेखकाच्या शब्दाला हात लावणारा सहायक पुन्हा कामावर दिसत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे.

२८ जानेवारी

भाग इंटरनेटवर चढवला. माझा फोन दिवसभर बंद ठेवला.

२९ जानेवारी

पाहणाऱ्यांचा आकडा दर तासाला वाढतोय. लोक बाहीबद्दलच लिहितायत. कोणीतरी कपाटातला वडिलांचा कोट काढून बघितला.

बाबा बर्नाडीनला : 'बाई, काय वाक्य लिहिलंत!'

मी इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिले. बर्नाडीन म्हणाली, 'असं कधीकधी सुचून जातं.'

'तुला?' गस किंचाळला. 'उंच पोरगा माझा आहे! माझ्या तिसऱ्या खर्ड्यात पोरगा होता!'

'तुझा पोरगा बुटका होता! आणि शिलाई माझी!'

'तुझी शिलाई पँटची होती!'

दोघांनी इतके खर्डे लिहिलेत की आपण काय लिहिलं हे दोघांनाही आठवत नाही! मी मागे जाऊन टांगलेल्या कपड्यांत तोंड खुपसून हसले.

१ फेब्रुवारी

श्रेयावरून वाद झाला की त्यांच्या संघटनेची एक रीत आहे. खर्ड्यांवरची नावं काढतात, अ-ब-क करतात, आणि तीन त्रयस्थ लेखक ते वाचून ठरवतात की नाव कोणाचं. मोठ्या चित्रपटांसाठी असतं हे. हे दोघं लाँड्रीतल्या सहा मिनिटांसाठी करणार! फाटकावरचे तीन लेखक पंच नेमले. संपात वेळच वेळ.

खर्डे एकत्र करायचं काम माझ्याकडे, कारण 'तालीनचं काम चोख असतं.'

बर्नाडीनचा अ. गसचा ब. तिसरा मी ठेवला, पडद्यावर आहे तसा, शब्दाला शब्द. क. कोणाला सांगितलं नाही.

खर्डे अपुरे देणं मला जमलं नाही. बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी

फाटकासमोर निकाल. पंच फलकांच्या लाकडी खोक्यांवर चढले. कोणीतरी भोंगा वाजवला. तिघांत जी वयस्क होती, तिने घसा खाकरला : 'अ सुंदर लिहितात आणि थांबत नाहीत. ब अ-ला थांबवायला जातात आणि स्वतः थांबत नाहीत. नाव क-चं. एकट्याचं.'

टाळ्या!

'क कोण?' गस.

'तूच! चोरून तिसरा घुसवलास!'

'मी? तू!'

बर्नाडीन एकदम गंभीर झाली. 'म्हणजे आपल्या दोघांचं काढून कोणीतरी स्वतःचं घातलं. मला न विचारता. हा माणूस सापडू दे. माझ्या मालिकेच्या आसपास फिरकू देणार नाही.'

संकलन कोणी केलं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तिला कॉफी आणून दिली. तिने 'थँक्यू पोरी' म्हटलं.

१० फेब्रुवारी, रविवार

संपात तडजोड झाली म्हणे. मंगळवारी मतदान. गस दुकानात नाचला, आईला घेऊन नाचला. मीही टाळ्या वाजवल्या.

संकलनातून निरोप – पुढल्या सोमवारी रुजू हो.

चौथ्या भागाच्या शेवटी 'लेखन' या शब्दापुढे काळी जागा आहे. क सापडेपर्यंत तशीच ठेव, असा बर्नाडीनचा हुकूम. बाबांनी आज ती बघितली आणि माझ्याकडे बघितलं. 'लेखकांनी पाठवलंय म्हणाली होतीस ना तू?' एवढंच म्हणाले. हँगरवर कोट लावत राहिले.

१२ फेब्रुवारी

संप मिटला.

दुपारी चौथ्या भागाची शेवटची पाटी बदलून तो पुन्हा चढवला. लेखन : तालीन बेद्रोस्यान.

तासाभरात बर्नाडीनचा फोन. उचलला.

'पाचव्या भागाचा शेवट बसत नाहीये. तुझ्याकडे काही आहे?'

म्हटलं, आहे.