पहिला फोन कुणाचा

रविवार, संध्याकाळ, एडिसन

रिया, आजी सांगते तस्संच लिही. आज आपल्या एफएमवाल्यांनी रेडिओ स्टेशनचा वाढदिवस केला. साडीच्या दुकानामागच्या खोलीत कसं सुरू झालं, तेही सांगितलं. आणि म्हणे, सगळ्यात पहिला फोन मालतीकाकूंचा! शेजारणीचा! अगं, फोन आमचा होता. नंबर मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं, नि मी लाजून तो तिच्या हातात कोंबला. का कोंबला?

मघाशी मालती शिरा घेऊन आली. "ऐकलंस ना माझं नाव रेडिओवर?"

"ऐकलं. साखर कमी झालीय."

नव्हती झाली.

तू म्हणालीस, "आजी, कॉल देम नाऊ!" लावला. "हॅलो" आलं.

पुन्हा समोर बसलेल्या मालतीच्याच हातात दिला. आणि फोन आमचाच होता.