हत्ती उठला की बसला, याविषयी

हे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट नक्कीच पाहिली असेल. हाताने काढलेल्या जुन्या कार्टूनपटात भिंतीतल्या शंभर विटांपैकी नेमकी कोणती निखळणार, हे मुले आधीच ओरडून सांगतात. ती वीट रंगाने किंचित उठून दिसते. याचे कारण सोपे आहे. मागची भिंत कागदावर एकदाच रंगवलेली असते. जी वीट हलायची ती पारदर्शक पानांवर, निराळ्या रंगाने आणि बहुधा निराळ्या हाताने, पुन्हा पुन्हा काढलेली असते. ‘मृत्युपत्रात हे कशाला?’ असे वकीलसाहेबांनी विचारले. पुढचा सगळा मामला याच दोन हातांचा आहे, म्हणून. मागची चित्रे माझ्या ताईची, हलणारी माझी.

सबब मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त कार्टूनपट-चित्रकार, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. ‘एका जागी बसत नाहीत’ असेही त्यांनीच खाली लिहिले आहे, तेही खरे. हा लेख कोणाच्या दडपणाखाली केलेला नाही. भाचीने तगादा लावला, त्याला दडपण म्हणत नाहीत. यापूर्वीची चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेत जे काही निघेल ते, भाचीला. गॅलरीचे दार वर उचलून मग ओढावे. ढकलू नये, मी ढकलून पाहिले आहे.

कलम २. काचेखाली दिवा असलेले माझे चित्रांचे टेबल आमची जुनी फिल्म सध्या स्वच्छ करत असलेल्या तंत्रज्ञ बाईंना. त्या प्रश्न विचारतात, म्हणून.

कलम ३. त्या फिल्मच्या निर्मात्यांच्या वारसांना माझी आरामखुर्ची. निर्मात्यांनी ताईचे नाव पडद्यावर ‘साहाय्य’ या शब्दाखाली घातले होते, तेही अशा अक्षरात की वाचायला भिंग लागावे. खुर्चीचा एक पाय आखूड आहे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. बत्तीस वर्षांपूर्वी ताईने लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकावरून मी अकरा मिनिटांची फिल्म केली. गावभर बसायला जागा शोधणारा हत्ती अखेर नदीकाठी जमिनीवरच बसतो, आणि शेवटच्या पानावर उठून, अंग झटकून चालू लागतो. आठ महिने अंथरुणाला खिळून उठल्यावर ताईने ते लिहिले होते. तिच्या दृष्टीने सगळे पुस्तक त्या उठण्यासाठी होते.

फिल्ममध्ये हत्ती उठत नाही. बसतो, आणि फिल्म संपते. त्या शेवटाची वाहवा झाली, त्यावर लेख आले, मला बक्षिसे मिळाली.

तो शेवट मी योजलेला नाही. आमच्या कामात नवे पान जुन्यावर ठेवून काढतात, म्हणजे टेबलावर पहिले चित्र तळाशी आणि शेवटचे वर. कॅमेऱ्याकडे पाठवताना गठ्ठा उलटवावा लागतो. शेवटच्या दृश्याचा गठ्ठा उलटवायला मी विसरले, आणि घाईत पानांवर आकडेही घातले नाहीत. सोबतच्या तक्त्यात ‘वरून खाली, ओळीने’ एवढेच लिहिले. कॅमेरावाल्यांनी लिहिल्याप्रमाणे केले; त्यांचा काडीचाही दोष नाही. त्या गठ्ठ्यात हत्ती फक्त उठत होता, तो उलट क्रमाने पडद्यावर बसताना दिसला. त्याआधी हत्ती बसताना कुठे दाखवला नव्हता, आणि आधीच्या दृश्यात फक्त मावळते ऊन असल्यामुळे सांधा कोणालाच खटकला नाही.

पहिल्या खेळाला मी पडद्यावर ते प्रथमच पाहिले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारी ताई बसलेलीच होती.

‘‘माझ्या हत्तीला खाली बसवलंस,’’ ती म्हणाली.

‘‘सिनेमाला असा शेवट लागतो, ताई. तुला नाही कळायचं.’’

चूक एका गठ्ठ्याची होती. हे वाक्य मात्र माझे. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

परवा तंत्रज्ञ बाईंनी विचारले, ‘‘शेवटच्या दृश्यात काही बदल? पुढच्या महिन्यात सगळं कायम होईल.’’ म्हणून लिहिते: मूळ शहाण्णव पानांचा गठ्ठा, आणि हत्तीने उठावे की बसावे हे ठरवण्याचा अधिकार, <s>माझ्या मृत्यूनंतर</s> ताईला.

वरील खोड माझ्याच हातची आहे. भाचीला मसुदा वाचून दाखवला तेव्हा ती भडकली.

‘‘मावशी, पुढच्या महिन्यात कायम होणार आणि तू मेल्यावर देणार? हिशेब काय लावलायस, लवकर मरायचा?’’

‘‘ती दार उघडणार नाही.’’

‘‘मला उघडेल ना! मुलगी आहे मी तिची. आण इकडे तो गठ्ठा.’’

ती आत्ताच तो घेऊन गेली. मी तीन वेळा गॅलरीत जाऊन आले.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला. दिनांक: नऊ मार्च.

लिहून ठेवणारीची सही.
साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचे दंतवैद्य (सही).
साक्षीदार दुसरा: वर सांगितलेले कॅमेरावाले, निवृत्त (सही). सही करताना म्हणाले, ‘‘बत्तीस वर्षं मला वाटत होतं, मीच गठ्ठा उलटा धरला.’’ त्यांची मी हात जोडून क्षमा मागितली.

पुरवणी. दंतवैद्य म्हणतात, ‘‘बाई, आवरा, खाली पेशंट आ करून बसलाय.’’ एकच राहिले. ताई म्हणेल, गठ्ठा आज लावला असशील हवा तसा. तिने माझ्यावर विश्वास ठेवू नये. तिने, किंवा हे वाचणाऱ्या कोणीही, एक जाड पुस्तक धुळीच्या जमिनीवर पाडावे आणि धूळ पुस्तक टेकण्याआधी उडते की नंतर, ते पाहावे. मग आमच्या फिल्मचा शेवट लावावा, आणि हत्तीकडे न बघता फक्त जमिनीकडे, तो टेकण्याआधीच उडणाऱ्या धुळीकडे बघावे.

(सही. दोन्ही साक्षीदारांच्या पुन्हा सह्या.)