पाखरांच्या दाण्यांचा भात

दि. ४ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.
तुमचा तांदळाचा डबा पोचला. काय भात झाला, आबा! घमघमाट पार जिन्यापर्यंत. मैत्रिणींनी बोटं चाटली. खोली मस्त आहे. खिडकीतून झाड दिसतं, तेव्हा तुम्ही आलात की कवितांना तोटा नाही. आईला सांगा, मी वेळेवर जेवते. तुमची माया आहेच, तिच्यात काटकसर नको.
तुमची नात,
खारू

दि. ११ ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून मी गारच झालो. डबा भरताना मला शाळेतली पाखरांची कविता आठवली, दुसऱ्या कडव्याला डोळे मिटले आणि हात भलत्याच डब्यात गेला. तांदूळ अजून घरीच आहेत. तुला पोचले ते अंगणातल्या पाखरांचे दाणे! इतकी वर्षं मी ते टाकतोय, पण एकाही पाखरानं असं कौतुक केलेलं नाही. म्हणे जिन्यापर्यंत घमघमाट!
तुझ्या आईला काही बोललो नाही. पोरगी बरी आहे ना, असं तिनं विचारलं, तेव्हा भात झकास करते म्हणालो. आता मला खरं सांग. तुझ्याकडे शेगडी तरी आहे का? आणि ते झाड नक्की कुणाच्या खिडकीतलं?
मी रागावलेलो नाही. लोभ होता तेवढाच आहे; उत्तर येईपर्यंत जरा जास्तच.
तुझा,
आबा

दि. १६ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.
पकडलंत. डबा मी उघडलाच नव्हता. झाड वाचनालयाच्या खिडकीतलं. मालकानं घर विकलं आणि दुसरी खोली परवडेना. झोपायला वसतिगृहात मैत्रिणीच्या खाटेशेजारी. रेक्टरबाईंची चप्पल वाजली की खाटेखाली. आंघोळ व्यायामशाळेत. कँटीनमध्ये ताटं विसळते, म्हणून एक वेळचं जेवण मिळतं. दुसऱ्या वेळी साखर घातलेलं गरम पाणी. सामान जागोजागी लपवलंय. तुम्ही ठेवलेलं नाव सार्थ केलं बघा!
तुम्ही गल्लीभर माझ्या खोलीचं कौतुक केलंत, मग सांगवेना. आईला कळलं तर ती परत बोलावेल, आणि हे शेवटचं वर्ष आहे, आबा. तेवढं बुडू देऊ नका. राग नंतर सावकाश काढा.
तुमची,
खारू

दि. २१ ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.
परत बोलावत नाही. आईला सांगितलं. ती आधी रडली, मग माझ्यावर ओरडली, मग तांदूळ निवडायला बसली.
तुझ्या कॉलेजच्याच गावात माझा शाळेतला बाकसोबती असतो, जुना कंपाउंडर. त्याची माडीवरची खोली रिकामी आहे. त्याची बायको म्हणते, शिक्षण होईतो राहा, दोन्ही वेळा जेवायला खाली ये. भाडं एवढंच, की त्याच्या तोंडून शाळेतल्या कविता ऐकायच्या. पाखरांच्या कवितेचं दुसरं कडवं त्याला तेव्हाही येत नसे. मास्तरांसमोर मीच शेजारून कुजबुजायचो. आता ते काम तुझं.
रविवारच्या गाडीनं तांदूळ घेऊन येतोय. डबा आईनं भरलाय, मला हात लावू दिला नाही. पहिला डबा माडीच्या खिडकीत उघडून ठेव. ज्यांचं जेवण होतं, त्यांना मिळू दे. आणि या वेळी भात आधी खा, कौतुक मग कर.
तोवर लोभ पत्रातून. पुढचा ताटात वाढतो.
तुझा,
आबा