दोन भिंतींआड

दि. ४ मार्च

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. पोट आडवं येतंय, तेव्हा तो मनातल्या मनात समज.

फोनवर तू मजेत असल्याचं सांगतेस आणि लाइन तुटते, म्हणून पत्र. तुमच्या पेपरचा फोटोग्राफर उद्या तिकडे निघतोय, त्याच्या हाती देते. परवा तू म्हणालीस की राजधानीतल्या हॉटेलात आहेस, युद्ध लांब आहे, जेवण अळणी आहे. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर तुझी बातमी थेट नदीकाठच्या शहरातून, जिथे पूल उडवला तिथून. म्हणजे वाचकांना खरं आणि पोटच्या पोरीला थापा.

डॉक्टरीणबाई एप्रिलच्या मध्यावरची तारीख सांगतात. हे म्हणतात, आईंना घाई करू नकोस, त्यांचं काम महत्त्वाचं. त्यांना म्हणायला काय जातंय. या वयात कुणी युद्धाच्या बातम्या द्यायला जातं का, असं शेजारच्या काकू विचारतात आणि मी तुझी बाजू घेऊन भांडते. पण मला तू हवी आहेस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते म्हणाली होतीस, ते विसरू नकोस.

लोभ आहेच, तो इथे येऊन करावा.

तुझी,
ठमी

दि. १९ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि पोटातल्याला त्याच्या वाटणीचे वेगळे.

चोरी पकडलीस. हॉटेल सोडलं, कारण तिथे बसून बातम्या मिळत नाहीत, फक्त इतर बातमीदार मिळतात. सध्या एका शिक्षिकेच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात खोल्या आहेत, पण झोपतो सगळे मधल्या बोळात, चपलांच्या रॅकशेजारी. रस्ता आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात, असा इथला नियम. पहिली भिंत दणका खाते, दुसरी काचा आणि तुकडे अडवते. खिडकी बंद असली की जीव घुसमटणारी मी, आता खिडकी दिसली की वाकून पलीकडे जाते. शिक्षिका पोरांच्या वह्याही तिथेच तपासते आणि माझं अक्षर बघून नाक मुरडते.

बातमी द्यायची तर जिन्याच्या तळाशी बसून फोनवर सांगते, आणि पलीकडचा उपसंपादक प्रत्येक वाक्य दोनदा विचारतो. दिवसभर पाय थांबत नाहीत. पाण्याची रांग, दवाखाना, पूल, परत रांग. पाठ टेकली की वाटतं, काहीतरी बघायचं राहिलं. तुझे बाबा म्हणायचे तशी पायाला भिंगरी आहे खरी. पण ठरल्या आठवड्यात मी तुझ्याकडे असणार, शब्द देते.

जिवाला जप, आणि माझ्यावरचा राग पुरवून वापर.

तुझी,
आई

दि. १४ एप्रिल

ती. आईस,

नमस्कार, पद्धत आहे म्हणून.

मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. कळा सुरू झाल्यावर यांनी तुझ्या ऑफिसात फोन लावला, तर तू कुठे आहेस ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. मग काल संपादकांचाच फोन आला. शहरातून निघणाऱ्या शेवटच्या गाडीत तुझी जागा होती, पण दवाखान्याची बातमी पुरी करायची म्हणून तू ती सोडलीस आणि नंतर रस्ताच बंद झाला, असं ते म्हणाले. अगदी कौतुकानं सांगत होते. मी फोन ठेवला आणि रडले.

बाळाचे कान तुझ्यासारखे आहेत. मला त्याचाही राग आला.

लोभाचं नंतर बघू, आधी धडधाकट परत ये.

ठमी

दि. ९ मे

चि. ठमीस,

आशीर्वाद. पत्र पलीकडच्या खोलीतून लिहिते आहे. रस्ता उघडल्यावर इथे येऊन इतके दिवस झाले, पण समोरासमोर बसलो की आपण भांडतो, म्हणून कागद बरा.

काल दुपारी खाली कुठल्यातरी ट्रकचा मागचा फाळका धाडकन पडला. पुढचं मला नीट आठवत नाही. तू न्हाणीघरातून बाहेर आलीस तेव्हा पाळणा घरातल्या मधल्या बोळात होता, त्याला आडोसा म्हणून मी गादी उभी केली होती, आणि खाली वाक म्हणून तुझ्यावर ओरडत होते. तू बाळाला उचललंस, खोलीत गेलीस आणि आतून कडी लावलीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

तिकडे आवाज झाला की तो कसला आणि आता काय करायचं, ते मला कळतं. इथे दाराची बेल वाजली तरी मी भिंतीला चिकटून उभी राहते. घडी केलेले कपडे मोडून पुन्हा घडी करते. मला घरी करमत नाही, ठमे. आजी झालेल्या बाईनं असं लिहू नये, पण लिहिते. बाळ गोड आहे, जावईबापू चहा हातात आणून देतात, आणि तरी सारखं वाटतं की मी नको तिथे बसले आहे. ऑफिसचा फोन आला होता. परत तिकडे जायला गुरुवारचं विमान आहे. तू राहा म्हणालीस तर राहीन. काय ते लिहून माझ्या दाराखालून सरकव.

माया आहे, फक्त तिला एका जागी बसता येत नाही.

तुझी,
आई

दि. १० मे

ती. आईस,

नमस्कार.

राहा म्हणणार नाही. म्हटलं तर तू राहशील, रोज दाराकडे बघत बसशील आणि मी तुझ्याकडे. जा असंही तोंडातून निघत नाही. ते तुझं तू ठरव, माझ्या गळ्यात घालू नकोस.

लहानपणी तू घरी असलीस की मी गाणी म्हणायचे, नकला करायचे, तुला करमावं म्हणून. तरी तू निघालीस की वाटायचं, आपलं काहीतरी कमी पडलं. तसं नव्हतं, हे तुझ्या पत्रावरून कळलं. वाईट वाटलं, आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं.

पण परवा मला राग कशाचा आला ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. इतकी घाबरलीस, तरी तू पाळणाच ओढलास. आल्यापासून तिची दुपटी धुतेस, तिची झोप राखतेस, आणि तिला एकदाही हातात घेतलेलं नाहीस. मी रोज बघते. एकदा घेतलं की पाय निघणार नाही, अशी धास्ती असेल तर ती सोड. मलाही तू पोटाशी घ्यायचीस, आणि जायचीस.

ती आत्ता जागी आहे. ये.

तुझी,
ठमी