मन्नूबियाचा अर्धा ट्रॅक्टर आणि त्याची पुढची चाकं

मी, मन्नूबिया बिन्त अयाशी, शाझलीची विधवा, राहणार सीदी मरझूग, बाजा शहराजवळ, कोणाच्या धाकाने नाही की कोणाच्या भरीला पडून नाही, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेणाऱ्या नोटरीबाई शहरातल्या आहेत. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे. माझे गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे.

१. घर आणि गव्हाचं शेत माझ्या भावाच्या मुलांना, मुन्सिफ आणि जलालला, धर्माने ठरवलेल्या हिश्श्याप्रमाणे जाईल. त्यात मला बोलायला जागा नाही, नाहीतर बोलले असते. दोघं ईदला येतात, मटण हाणतात आणि ट्रॅक्टरकडे बघून विचारतात, "आत्या, भंगारात किती येतील गं याचे?"

२. कुसकुस उकडायचं तांब्याचं भांडं शेजारच्या हनियाच्या सुनेला. एरवीही ते तिच्याच घरी असतं.

३. मालमत्तेतला जो एक तृतीयांश हिस्सा मला मर्जीने देता येतो, त्यातून लाल ट्रॅक्टरमधली माझी अर्धी मालकी तिजानी बिन सालह यांना द्यावी. दुसरी अर्धी त्यांचीच आहे. शाझली आणि ते जिवलग मित्र, दोघांनी मिळून तो जुनाच घेतला होता. माझ्या अर्ध्याचं भंगार झालं, तर उरलेल्या अर्ध्यावर तो माणूस काय डोंबल नांगरणार?

नोटरीबाई विचारतात, हे तिजानी कोण? अहो बाई, साक्षीदार म्हणून कहवाखान्यातून तुम्ही ज्यांना उचलून आणलंत, ते! माझ्याकडे पाठ करून बसलेत ते. बाई म्हणतात, ज्याला द्यायचं तो साक्षीदार चालत नाही. मग नुसतं ऐकू दे त्यांना.

४. आता कारण. ट्रॅक्टर आमच्याकडे आळीपाळीने चालतो. सरळ चालायला त्याची पुढची दोन चाकं समोरच्या बाजूने नखभर जवळ हवीत. चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा नट सोडून ती नीट करायची. आम्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजून नीट करायचो आणि शेतात गेला की हा गडी दारू प्यायल्यासारखा इकडे-तिकडे! टायर आतल्या कडेने घासून गुळगुळीत. शाझली गेल्यावर एका हंगामात तिजानी भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुम्ही नट सैल करून पाठवता." मी म्हटलं, "तुम्हीच करत असाल!" तेव्हापासून बोलणं बंद. ट्रॅक्टर कुंपणाशी ठेवायचा आणि निघून जायचं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. यंदा नटापासून दांड्यावर चुन्याची रेघ ओढली. कोणी हात लावला तर रेघ मोडेल. ट्रॅक्टर भाऊजींकडे जाऊन आला, रेघ शाबूत, आणि चाल तशीच वेडीवाकडी! मी चक्रावले. मग करतं कोण? जेवताना, झोपताना तोच विचार.

आमच्या गावात बॅटऱ्या सगळ्यांच्याच मेलेल्या. म्हणून ट्रॅक्टर मागे रेटत चढावर न्यायचा, तोंड उताराकडे ठेवायचं. सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत सुरू. आणि मोजायचो आम्ही तिथेच, उभ्या उभ्या. एक दिवस सहज वाटलं, जरा पुढे जाऊ दे. चार पावलं घरंगळू दिला आणि मोजलं. अगं बाई! अंतर बदललेलं! दांड्याचे सांधे झिजलेत. मागे रेटलं की चाकं आत मिटतात, पुढे चाललं की बाहेर फाकतात. आम्ही इतकी वर्षं मागे रेटलेल्या ट्रॅक्टरचं माप घेत होतो. नट कोणीच सैल केला नव्हता.

५. हे ऐकताच तिजानी भाऊजी वळले. नोटरीबाई, हेही लिहा.

"वहिनी, मेल्यावर अर्धा ट्रॅक्टर देताय. जिवंतपणी एवढं कुंपणावरून सांगवलं नाही?"

"तुम्ही तोंड फिरवून जात होतात ना!"

"तोंड फिरवलं होतं. कान कुठे फिरवले होते?"

मला रडू आलं, तेही लिहा, लपवण्यासारखं काही नाही. माणूस कुंपणापलीकडे होता आणि मी त्याच्यासाठी माझ्या मरणाची सोय करत बसले होते.

भाऊजी अंगणात गेलेत. ब्रेक सोडल्याचा आवाज आला. आता ओरडतायत, "वहिनी, मी पुढून मोजतो, मागून कोण मोजणार? नोटरीबाई?"

मला जायला हवं. कलम तीन कायम आहे. मात्र ते अमलात यायला पुष्कळ उशीर लागो, अशी माझी इच्छा आहे. शाझली गेल्यापासून अशी इच्छा मला आज पहिल्यांदा झाली, म्हणून नोंदवते.

ठिकाण: सीदी मरझूग
दिनांक: १४ नोव्हेंबर २००९

मन्नूबिया बिन्त अयाशी (अंगठा, घाईत)

साक्षीदार:
हनिया बिन्त तय्यब
नूरी बिन मबरूक, कहवाखान्याचे मालक