थोरली, धाकटी आणि साडेपाच तास

२ नोव्हें., रवि.
शेवटी हात घातलाच. घरचा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. त्यातल्या विंडोजला नव्या दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या. नवी विंडोज त्यावर चढत नाही. नवं मशीन घ्यायला हरकत नाही, पण जुनं चालू असताना नवं घेणारा माणूस आमच्या खानदानात अजून जन्मायचाय. तेव्हा तोड अशी: विंडोज तशीच ठेवायची, नेट तोडून. ती फक्त माझ्या जुन्या लेखांसाठी आणि सौ.च्या माहेरच्या पत्रिकेच्या प्रोग्रॅमसाठी. शेजारी लिनक्स बसवायचं, बाकी सगळं त्यावर. वहीपुरती नावं: विंडोज थोरली, लिनक्स धाकटी. सौ.ने ही वही वाचू नये.

३ नोव्हें., सोम.
धाकटी पेनड्राइव्हवरून येणार. त्यासाठी मशीन सुरू होताना एक बटण नेमक्या क्षणी दाबायचं. मी नऊ वेळा दाबलं. नऊही वेळा थोरली हजर, काय काम आहे म्हणून. दहाव्यांदा सौ.ने पोळीच्या पिठाच्या हाताने दाबलं आणि लागलं.
"एवढंच होतं?"
मी कीबोर्डवरचं पीठ पुसलं.

४ नोव्हें., मंगळ.
धाकटी बसली. मशीन बंद करून सुरू केलं तर काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक लुकलुकती रेघ. थोरली गायब. सोळा वर्षांचे लेख तिच्या पोटात. जेवण गेलं नाही. सौ.: "वाचणाऱ्यांना विचारलं का, त्यांना हवेत का ते?"

५ नोव्हें., बुध.
कुठल्याशा परदेशी भल्या माणसाने नेटवर लिहून ठेवलेली एक ओळ ऑफिसात उतरवून आणली, जशीच्या तशी टाइप केली. सुरुवातीच्या यादीत आता दोघींची नावं, एकाखाली एक. थोरलीत शिरून बघितलं. लेख सगळे जागेवर. दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, वर ताक. इतकं हलकं पूर्वी फक्त बदली रद्द झाली तेव्हा वाटलं होतं.

९ नोव्हें., रवि.
अप्पा आले. सौ.चे थोरले भाऊ, दुधनीचे. आमच्या लेकीच्या, अनघाच्या, स्थळासाठी. मुलगा मोहोळचा, नोकरी पुण्यात, अनघाचीही तिथेच. दोघं चार वेळा भेटलेत (आम्हाला माहीत असलेले चार). तिला पसंत, त्याला पसंत, गुण सव्वीस. पण सौ.च्या माहेरची रीत: शेवटचा शिक्का प्रश्नकुंडलीचा. प्रश्न विचारला त्या क्षणी आकाशात काय चाललंय ते बघायचं. जन्मवेळ वगैरे काही लागत नाही. अप्पा पूर्वी हाताने मांडत. आता थोरलीत प्रोग्रॅम आहे, त्यात 'आत्ता' असं बटण. "हातानं चूक व्हती की. हे चुकत न्हाय."
मोहोळच्या गुरुजींचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, फोन आला, काय ठरलं म्हणून. सौ.ने "आज कळवतो" म्हणून ठेवला, आणि अप्पांनी लगेच डोळे मिटून 'आत्ता' दाबलं.
बराच वेळ बघत बसले. मग: "कन्या लग्न. सातव्यात, नवऱ्याच्याच घरात, शनी. बेडा सुमे. न्हाई जमायचं."
सुमे म्हणजे सौ. आणि बेडा म्हणजे नको, एवढं कानडी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आलं होतं.  सौ.ने मोहोळला फोन केला नाही.

१० नोव्हें., सोम.
अनघाचा फोन. "बाबा, तुम्ही मानत नाही ना हे? मग बोला ना." श्रावणात याच विषयावर मी पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं होतं, ग्रहांना वेठीला धरणाऱ्यांची टर उडवून. लोक हसले होते. आज घरात तोंड उघडलं तर सौ. म्हणाली, "तुमच्या हसण्यावर माझ्या पोरीचा संसार ठेवू? उद्या काही झालं तर अप्पांना काय तोंड दाखवू?"
बरोबर आहे. मला दोन बोटांनी टाइप करता येतं, जबाबदारी घेता येत नाही.

११ नोव्हें., मंगळ.
सी.एल. टाकली. सदर आजच द्यायचं होतं. थोरलीत बसून कसंबसं संपवलं, साडेबाराला. फाइल जपून ठेवली तर वेळ दिसली सकाळी सात. सकाळी सातला मी आयुष्यात विनोदी लिहिलेलं नाही.
कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. तिथेही सात. भिंतीवर साडेबारा. थोरली साडेपाच तास मागे.
दुरुस्तीवाल्या इक्बालभाईंना फोन. ते हसलेच. "घबरानेकी बात नै साब. दोनों को अंदर घड़ी एकीच है. नयी वाली उसको लंडन का टैम लगाती, फिर अपना हिसाब जोड लेती. पुरानी वाली लंडन का टैमच सोलापूर का समझती. नेट रहता तो अपने आप सुधर जाती."
नेट मी तोडलं होतं.
म्हणजे रविवारी सकाळी सव्वादहाला अप्पांनी 'आत्ता' दाबलं, ते 'आत्ता' पहाटे पावणेपाचचं होतं. माझ्या पोरीचं लग्न मी मोडलं. शनीने नव्हे.

१२ नोव्हें., बुध.
धाकटीला एक ओळ सांगितली: घड्याळ आमच्याच वेळेवर ठेव. दोन्हीकडून चार वेळा ये-जा केली. जुळलं.
मग सौ.ला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. तिने आपल्या मोबाइलमध्ये मोहोळचा रविवारचा फोन शोधला: १०:१३, दोन मिनिटं. म्हणजे प्रश्नाची खरी वेळ हाताशी आहे.
"मग मांडा की परत."
"मी? मी तर मानत नाही."
"चुकीचं मांडताना मानत होता?"
पण मांडायची अप्पांनीच. फोन मात्र मी करायचा. हे तिने ठरवलं.

१३ नोव्हें., गुरु.
दुधनीला फोन. सगळं सांगितलं: दोघी, घड्याळ, लंडन. अप्पा म्हणाले, "पाव्हणं, श्रावनातलं तुमचं कात्रन हाय माज्याकडं. ग्रहास्नी काय कळतंय म्हनून लिवलं हुतं. आन आता वेळ चुकली म्हनून तुमीच फोन करताय व्हय?"
"होय अप्पा."
"पंधरा मिन्टं हिकडंतिकडं झालं तर?"
"नाही. मोबाइलात नोंद आहे." मी कुंडलीच्या अचूकतेसाठी भांडत होतो. सौ. स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी.
"रविवारी येतो. हातानं मांडीन. तुमच्या त्या डबड्याला हात लावनार न्हाई."

१६ नोव्हें., रवि.
आले. पंचांग, पाटी, खडू. पाऊण तास. आम्ही दोघं शाळेतल्यासारखे समोर.
"धनू लग्न. शनी चौथ्यात."
सौ.: "म्हणजे?"
"चौथं घर म्हंजे राहतं घर. पोरीचं घर बदलंल."
"मग?"
"मग काय? लग्न झाल्यावर बदलनारच की! कळवून टाक."
सौ. देवासमोर गेली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो, तोंड धुवायला. अनघाला तिच्या आईनेच सांगितलं. पलीकडून नुसतं "आई गं" ऐकू आलं.
आठवडाभर ताटकळलेल्या मोहोळच्या गुरुजींना मीच फोन केला. रागावले नव्हते. "बरं झालं साहेब. आमचीबी मंडळी एकदा आमच्या महाराजांना दाखवून घ्या म्हणत्यात. तेबी कॉम्प्युटरवरच बघत्यात. उद्या जातो."
फोन ठेवला. मशीन कोणतं, नेट आहे का, हे विचारायचं राहिलं. सौ.ला म्हटलं, सकाळच्या गाडीने मोहोळला जाऊन नुसतं घड्याळ बघून येऊ का?
"त्यांच्या कॉम्प्युटरला हात लावाल तर बघा," ती म्हणाली. पण गाडी किती वाजताची, तेही तिनेच विचारलं.